पुणे ते दिल्ली विमानप्रवास: हवाई अंतर किती आणि प्रत्यक्षात वेळ किती लागतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. जानेवारीत आपल्याला पुण्याहून दिल्लीला जाऊन त्याच दिवशी तिथून परदेशी जाणारे विमान पकडायचे आहे. पुणे–दिल्ली हवाई अंतर शोधताना आपल्याला एके ठिकाणी १,१५६ किलोमीटर, दुसरीकडे १,१७० आणि तिसरीकडे चक्क १,३३० असे आकडे मिळाले. उड्डाणाचा वेळ कुठे दीड तास, कुठे पावणेदोन तास आणि तिकिटावर मात्र दोन तास दहा मिनिटे असा दिसला. यातला खरा आकडा कोणता, जाताना आणि येताना वेळ वेगळा का दाखवतात, आणि दिल्लीत दोन विमानांच्या मध्ये किती वेळ ठेवावा, हे आपण विचारले आहे. माझी नोकरी उड्डाण नियोजनाची, म्हणजे आमच्या क्षेत्रात ज्याला डिस्पॅच म्हणतात त्या कामाची होती. विमानाने कोणत्या मार्गाने, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन जायचे याचे कागद वैमानिकाच्या हाती देण्याचे हे काम. त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आधी आकडे देतो. लोहगाव विमानतळ ते दिल्लीचा इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळ हे सरळ हवाई अंतर सुमारे १,१५५ किलोमीटर, म्हणजे ६२४ नॉटिकल मैल आहे. एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ जातीचे विमान या प्रवासात हवेत साधारण पावणेदोन तास असते. पुण्यात विमान जागेवरून हलल्यापासून दिल्लीत जागेवर उभे राहीपर्यंतचा वेळ दोन तास पाच मिनिटे ते दोन तास वीस मिनिटे धरावा. आपल्याला मिळालेल्या आकड्यांपैकी १,३३० सोडला तर बाकीचे चुकीचे नाहीत. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे, एवढेच.

अंतराचा हिशोब आपण स्वतःही करू शकता, आणि तो एकदा करून पाहावा असे मला वाटते, कारण मग कोणत्याही दोन शहरांसाठी दुसऱ्यावर विसंबावे लागत नाही. लोहगाव विमानतळ सुमारे १८.५८ अंश उत्तर अक्षांश आणि ७३.९२ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर दिल्लीचा विमानतळ २८.५७ अंश उत्तर आणि ७७.१० अंश पूर्व येथे आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल. नॉटिकल मैलाची कल्पनाच मुळात त्यावरून आली आहे, आणि म्हणूनच विमानवाहतुकीत तो अजून टिकून आहे. दोन्ही विमानतळांच्या अक्षांशांत जवळजवळ १० अंशांचा फरक आहे, म्हणजे उत्तर–दक्षिण अंतर सुमारे ५९९ नॉटिकल मैल झाले. रेखांशांतला फरक ३.१८ अंशांचा आहे, पण रेखांश उत्तरेकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, म्हणून त्या फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने, इथे सुमारे ०.९१७ ने, गुणावे लागते. तसे केले की पूर्व–पश्चिम अंतर १७५ नॉटिकल मैल येते. आता शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत लावला की कर्ण ६२४ नॉटिकल मैल मिळतो. त्याला १.८५२ ने गुणले की १,१५६ किलोमीटर. पृथ्वी अगदी गोल नसून ध्रुवांकडे किंचित चपटी आहे हे धरून काटेकोर गणित केले तर यातून तीन-चार किलोमीटर कमी होतात; प्रवाशाच्या दृष्टीने तो फरक शून्य आहे. ही पद्धत दोन-अडीच हजार किलोमीटरपर्यंत चांगली चालते. त्यापलीकडच्या अंतरांसाठी गोलावरच्या त्रिकोणमितीचे सूत्रच वापरावे.

मग १,१७० कुठून आला? तो शहरापासून शहरापर्यंतचा आहे. शिवाजीनगरपासून मध्य दिल्लीपर्यंत मोजले की साधारण १,१७० किलोमीटर भरतात, कारण लोहगाव पुण्याच्या ईशान्येला, म्हणजे दिल्लीच्या बाजूला आहे आणि दिल्लीचा विमानतळ त्या शहराच्या नैर्ऋत्येला, म्हणजे आपल्या बाजूला आहे. आणि १,३३० हा आकडा बहुधा मैलांच्या गोंधळातून आलेला दिसतो. १,१५६ किलोमीटर म्हणजे ७१८ साधे मैल. हेच ७१८ कोणीतरी नॉटिकल मैल समजून १.८५२ ने गुणले की बरोबर १,३३० येतात. रस्त्याने हेच अंतर साडेचौदाशे किलोमीटरच्या आसपास जाते, त्यामुळे १,३३० हा आकडा पाहणाऱ्याला शंकाही येत नाही.

परंतु विमान या सरळ रेषेवरून जात नाही. नकाशावर ही रेषा शिर्डी–कोपरगावच्या जवळून, धुळ्यावरून, इंदूरला उजव्या हाताला ठेवून धारच्या बाजूने, पुढे कोट्याजवळून आणि जयपूर डावीकडे ठेवून दिल्लीला पोहोचते. प्रत्यक्षात उड्डाणानंतर ठरलेल्या निर्गमन मार्गाने बाहेर पडावे लागते, मग हवाई मार्गांवरील नेमून दिलेल्या बिंदूंवरून जावे लागते, आणि दिल्लीजवळ ठरलेल्या आगमन मार्गावर शिरावे लागते. शिवाय देशाच्या आकाशाचा मोठा भाग संरक्षण दलांसाठी राखीव असतो. तो काही वेळा नागरी विमानांना खुला होतो, काही वेळा नाही. या सगळ्यामुळे उड्डाण आराखड्यातले अंतर सरळ अंतरापेक्षा काही टक्क्यांनी जास्त निघते. पुणे–दिल्लीसाठी मी डोळे मिटून ६५० नॉटिकल मैल, म्हणजे सुमारे १,२०० किलोमीटर धरीन. हवाई नियंत्रकाने मध्येच एखाद्या दूरच्या बिंदूकडे थेट जाण्याची परवानगी दिली की यातले थोडे वाचतात, आणि दिल्लीजवळ गर्दी असली की वाचलेले परत खर्च होतात.

आता वेळाकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. अंतर देणारी बहुतेक साधने सरळ अंतराला ताशी ८०० किंवा ९०० किलोमीटरने भागतात आणि त्यात अर्धा तास मिळवतात किंवा मिळवतही नाहीत. ए-३२० चा समतल उड्डाणातला वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.७८ पट, म्हणजे ३५,००० फुटांवर ताशी ८३० किलोमीटर किंवा ४४७ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल) आसपास असतो हे खरे. पण पुणे–दिल्लीसारख्या प्रवासात विमान त्या वेगाने जेमतेम निम्मा वेळ जाते. लोहगाव समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. तिथून ३५,००० फुटांपर्यंत चढायला साधारण २०-२२ मिनिटे आणि १२० नॉटिकल मैल लागतात. उतरताना दर हजार फुटांना तीन मैल (इथून पुढे मैल म्हणजे नॉटिकल मैल) असा आमचा ठोकळा असतो. म्हणजे दिल्लीच्या ११०-१२० मैल अलीकडेच, राजस्थान ओलांडून होण्यापूर्वीच, उतार सुरू होतो. दहा हजार फुटांखाली २५० नॉटपेक्षा जास्त वेगाने जायचे नाही असा नियम आहे, त्यामुळे शेवटचे ३०-४० मैल आणखी सावकाश जातात. ६५० मैलांतून चढ आणि उताराचे २४० वजा केले की समतल उड्डाणाला ४१० मैल उरतात, आणि ते ५५ मिनिटांत संपतात. चढाची २२, समतलाची ५५, उताराची २५ आणि दिल्लीच्या रांगेत लागण्यासाठी पाच-आठ मिनिटे मिळवली की एक तास ४७ ते ५० मिनिटे होतात. आपल्याला दिसलेले पावणेदोन तास ते हेच.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. विमानाला उशीर झाला की प्रवासी म्हणतात, "वैमानिक वर वेग वाढवून वेळ भरून काढील." हिशोब करून पाहा. ०.७८ ऐवजी ०.८० पट वेगाने उडवले तरी ४१० मैलांच्या टप्प्यात दीड मिनिट वाचते. अगदी सावकाश, ०.७६ ने जाणारे आणि घाईने ०.८० ने जाणारे विमान यांत सगळा मिळून तीन मिनिटांचा फरक पडतो, आणि त्यासाठी इंधन मात्र बरेच जास्त जळते. कोणता वेग परवडतो हे कंपनी इंधनाचा भाव आणि वेळेचा खर्च यांची सांगड घालून आधीच ठरवते आणि तो विमानाच्या संगणकात भरला जातो. उशीर भरून निघतो तो वेळापत्रकातच राखून ठेवलेल्या जादा मिनिटांतून.

ही जादा मिनिटे म्हणजे काय ते सांगतो. तिकिटावरचा वेळ हा ब्लॉक टाइम असतो. विमानाच्या चाकांखालच्या अडसरी काढून ते मागे ढकलले जाते तिथपासून दुसऱ्या विमानतळावर पुन्हा अडसरी लागेपर्यंतचा हा काळ असतो. म्हणून त्यात पुण्यातली दहा-पंधरा मिनिटे आणि दिल्लीतली दहा ते वीस मिनिटे मोडतात. दिल्लीचा विमानतळ अवाढव्य आहे. जुलै २०२३ पासून तिथे चार धावपट्ट्या आहेत, आणि टर्मिनलपासून दूरच्या धावपट्टीवर उतरलेल्या विमानाला जमिनीवरचा प्रवासच बराच करावा लागतो. याखेरीज कंपनी गेल्या काही हंगामांतील प्रत्यक्ष वेळा पाहून आणखी काही मिनिटांची सोय करून ठेवते, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मोजणीत ठरलेल्या वेळेच्या १५ मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर धरले जाते आणि ती टक्केवारी दर महिन्याला जाहीर होते. दिल्लीत विमान वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचले म्हणून प्रवासी वैमानिकाचे कौतुक करतात. पुष्कळदा ते श्रेय वेळापत्रक आखणाऱ्या कारकुनाचे असते.

लोहगावची स्वतःची काही वैशिष्ट्येही यात आहेत. हा मुळात १९३९ पासूनचा हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी हवाई दलाची, विमाने उतरवणारे आणि सोडणारे नियंत्रक हवाई दलाचे, आणि टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, अशी इथली विभागणी आहे. जुलै २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, त्यामुळे प्रवाशांना बसायला जागा झाली, पण धावपट्टी तीच एक, २,५३५ मीटर लांबीची राहिली. लढाऊ विमानांचा सराव चालू असला की आपले विमान पाच-दहा मिनिटे धावपट्टीच्या तोंडाशी उभे राहते, आणि त्या मिनिटांची गणती उड्डाणाच्या वेळात न होता ब्लॉक टाइममध्ये होते. धावपट्टी पूर्व–पश्चिम आहे. दिल्लीला जाणारे विमान वाऱ्याप्रमाणे पश्चिमेला उडाले तर उजवीकडे वळते आणि वाघोलीच्या दिशेने, म्हणजे पूर्वेला उडाले तर डावीकडे. या वळणांत दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो. एप्रिल–मेमधल्या दुपारी हवा तापून विरळ झाली की या लांबीच्या धावपट्टीवरून जड विमानाला पूर्ण भार घेऊन उडता येत नाही. दिल्लीला जाणाऱ्या विमानाला हा जाच फारसा होत नाही, कारण त्याला इंधन कमी लागते. पुण्याहून युरोपला थेट विमान का नाही, या नेहमीच्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग मात्र याच धावपट्टीत आहे. पुरंदरचा विमानतळ झाला तर ते चित्र बदलेल; दिल्लीचे अंतर त्याने वीस-तीस किलोमीटरच बदलेल.

आता वारा. जाताना आणि येताना वेळ वेगळा का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे, आणि डिस्पॅचच्या कामात मला सर्वांत जास्त रस याच भागात वाटत आला. विमान हवेच्या सापेक्ष ताशी ८३० किलोमीटरने जाते, पण ती हवा स्वतः वाहत असते. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विशेषतः २५ ते ३० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा उपोष्ण जेट प्रवाह असतो. त्याचा वेग १०० नॉटच्या, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरच्या पुढेही जातो. दक्षिणेकडे येताना तो कमी होत जातो, तरी आपल्या अक्षांशांवरही जानेवारीत बऱ्यापैकी पश्चिमी वारे असतात.

पुणे–दिल्ली मार्गाची दिशा उत्तरेपासून सुमारे १६ अंश पूर्वेकडे झुकलेली आहे. म्हणजे हा पश्चिमी वारा जाताना जवळजवळ पूर्णपणे डाव्या कुशीवर येतो. ८० नॉटचा वारा असला तर त्यातले फक्त २२ नॉट विमानाला पुढे ढकलतात. उरलेला जोर आडवा असतो, आणि आडव्या वाऱ्यात मार्ग धरून राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे वळवावे लागते, त्यात सहा-सात नॉट खर्ची पडतात. एकूण गणित असे येते की जाताना जमिनीच्या सापेक्ष वेग सुमारे ४६२ नॉट आणि येताना ४१८ नॉट होतो. ४१० मैलांच्या समतल टप्प्यात हा फरक पाच-सहा मिनिटांचा आहे. म्हणून दिल्लीहून परतीच्या तिकिटावर पाच-दहा मिनिटे जास्त दिसली तर त्यात आश्चर्य नाही. त्यातला काही भाग वाऱ्याचा असतो, काही भाग दिल्लीत उड्डाणासाठी लागणाऱ्या रांगेचा असतो.

हाच वारा पुणे–कोलकाता मार्गावर काय करतो ते पाहण्यासारखे आहे. ते अंतर सुमारे १,५८० किलोमीटर आहे आणि दिशा बरीचशी पूर्वेची आहे. तिथे ८० नॉटच्या वाऱ्यातले ७५ नॉट जाताना थेट पाठीशी आणि येताना थेट तोंडावर असतात. जाताना वेग ५२० नॉटच्या वर जातो आणि येताना ३७० च्या आसपास राहतो. तेच विमान, तेच इंजिन, आणि येताना जवळजवळ अर्धा तास जास्त. पावसाळ्यात चित्र उलटते. जुलै–ऑगस्टमध्ये पश्चिमी प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि द्वीपकल्पावर पूर्वेकडून येणारा उष्णकटिबंधीय जेट प्रवाह प्रस्थापित होतो. या पूर्व प्रवाहाचे विवेचन पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मांडले. त्याचा गाभा चौदा-सोळा किलोमीटरवर, म्हणजे आपल्या विमानांच्या वर असतो, त्यामुळे प्रवासी विमानांच्या उंचीवर त्याचा परिणाम सौम्य असतो. तरीही पावसाळ्यात कोलकात्याहून पुण्याला येताना हिवाळ्यापेक्षा लवकर पोहोचणे शक्य असते. या सगळ्या अभ्यासात पुण्याचाही वाटा आहे. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिथे हवामान खाते १९२८ पासून आहे.

वाऱ्याचा आणखी टोकाचा दाखला हवा असेल तर दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को मार्ग घ्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेण्यास सुरुवात केली. अंतर सुमारे १३,९०० वरून १५,३०० किलोमीटरपर्यंत, म्हणजे १,४०० किलोमीटरने वाढले आणि वेळ मात्र दोन तासांच्या आसपास कमी झाला, कारण पूर्वेकडे जाताना जेट प्रवाह सतत पाठीशी राहिला. परतीचे विमान अटलांटिकवरून येत असे. जाणे आणि येणे दोन्ही पूर्वेकडे, म्हणजे एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणाच. केवळ अंतरावरून वेळ काढणाऱ्या साधनाला हे कधीच सांगता येणार नाही.

इथेच एका जुन्या समजाचा निकाल लावतो. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचायला हवे, असे पुष्कळ जण विचारतात. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा असा थेट फायदा कोणत्याच दिशेला मिळत नाही. पूर्व आणि पश्चिम यांच्या प्रवासवेळांत दिसणारा फरक वाऱ्याचा असतो.

दिल्लीहून पुढे परदेशी जाणार असल्यामुळे घड्याळांची गोष्टही ध्यानात ठेवा. तिकिटावरच्या सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. देशात सर्वत्र एकच प्रमाणवेळ असल्याने पुणे–दिल्लीत वजाबाकी थेट करता येते. पुणे–दुबईत ती फसते. समजा विमान पुण्याहून रात्री ८ वाजता सुटून दुबईला पावणेदहाला पोहोचते. वजाबाकीने पावणेदोन तास दिसतात, पण दुबई आपल्या दीड तास मागे असल्याने प्रवास सव्वातीन तासांचा आहे, आणि २,०५० किलोमीटरला तोच शोभतो. लंडनसारख्या ठिकाणी तर उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक असतो. विमान कंपन्यांचे वेळापत्रकही मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी बदलते, म्हणून सप्टेंबरमध्ये पाहून ठेवलेली वेळ जानेवारीत तशीच असेल असे गृहीत धरू नका. दिल्लीहून पश्चिमेकडे जायचे असेल तर आणखी एक मुद्दा आहे. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून आपले आकाश भारतीय कंपन्यांना बंद केल्यावर त्या दिशेच्या अनेक उड्डाणांना वळसा पडला आणि त्यांचे वेळ वाढले. पुणे–दिल्ली टप्प्याला त्याचा काही संबंध नाही, पण आपल्या पुढच्या विमानाचा वेळ जुन्या माहितीवरून काढू नका, चालू तिकिटावरचाच धरा.

आता आपल्या शेवटच्या आणि सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे येतो. वर सांगितलेले सगळे गणित दहा-पंधरा मिनिटांच्या फरकाचे आहे. जानेवारीतल्या दिल्लीत खरा धोका धुक्याचा आहे, आणि तो तासांत मोजावा लागतो. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत पहाटे आणि सकाळी तिथे दाट धुके पडते. तिथल्या उपकरणांच्या साहाय्याने, विमान आणि वैमानिक दोघेही त्या प्रकारच्या अवतरणासाठी पात्र असतील तर, धावपट्टीवर ५० मीटर दिसत असतानाही उतरता येते; उड्डाणाला मात्र साधारण १२५ मीटर दृश्यता लागते. परिणाम असा होतो की विमाने उतरत राहतात, पण सुटत नाहीत, उभी करायच्या जागा भरतात, आणि मग येणाऱ्यांनाही आकाशात घिरट्या घालाव्या लागतात किंवा जयपूर, लखनौ, अहमदाबादकडे वळावे लागते. अशा दिवशी पुण्याहून निघणाऱ्या विमानात डिस्पॅचर जादा इंधन भरतो, किंवा त्याला पुण्यातच थांबवून ठेवतो. पुण्यात लख्ख ऊन असताना विमान का सोडत नाहीत म्हणून काउंटरवर वाद घालणाऱ्यांनी दिल्लीची दृश्यता पाहावी.

म्हणून माझा सल्ला असा. पुढचे विमान रात्रीचे असेल तर पुण्याहून अशा विमानाने निघा, जे दिल्लीत दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान पोहोचते. तोपर्यंत धुके बहुधा उठलेले असते आणि सकाळच्या खोळंब्याची शेपटीही आवरत आलेली असते. पहाटेच्या पहिल्या विमानाचा मोह टाळा. इतर महिन्यांत पहिले विमान सर्वांत वक्तशीर असते, दिल्लीच्या जानेवारीत तसे नसते. पुढचे विमान पहाटेचे असेल तर आदल्या दिवशी दुपारीच पोहोचून मुक्काम करावा.

दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असतील, तर सामान थेट शेवटच्या ठिकाणापर्यंत जाण्याची सोय बहुधा होते आणि पहिल्या विमानाच्या उशिराने दुसरे चुकले तर पुढची व्यवस्था कंपनीला करावी लागते. अशा वेळी जानेवारीत चार तासांचे अंतर मला पुरेसे वाटते. तिकिटे वेगवेगळी असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण फक्त न आलेले प्रवासी असता. तिथे सात-आठ तासांपेक्षा कमी ठेवू नका. हा वेळ खर्च कसा होतो ते पाहा. दिल्लीत सामान हाती यायला अर्धा-पाऊण तास जातो. आपले पुण्याचे विमान टर्मिनल एकवर येणार असेल आणि परदेशी विमान टर्मिनल तीनवरून असेल, तर ही दोन टर्मिनल्स एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत आणि मधला प्रवास रस्त्याने करावा लागतो. पुढे आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी हजर व्हायचे असते. तेव्हा तिकीट काढतानाच पुण्याचे विमान कोणत्या टर्मिनलवर उतरते हे पाहा, आणि शक्य असेल तर टर्मिनल तीनवर येणारे निवडा.

पुण्यातल्या घरापासूनचा हिशोबही यात धरा. देशांतर्गत प्रवासाचे चेक-इन काउंटर बहुतेक कंपन्या ६० मिनिटे आधी बंद करतात आणि बोर्डिंग गेट २०-२५ मिनिटे आधी. आपण कोथरूडला राहत असल्याचे लिहिले आहे. वनाज ते रामवाडी मेट्रो मार्च २०२४ पासून पूर्ण सुरू आहे, आणि रामवाडीहून विमानतळ रिक्षाने किंवा बसने जवळ पडतो. परदेशी प्रवासाच्या दोन मोठ्या बॅगा असतील तर मात्र कॅबच बरी, आणि त्यासाठी संध्याकाळच्या वेळी नगर रस्त्यावर निदान दीड तास हाताशी ठेवा. दुपारच्या विमानासाठी सकाळी साडेआठ-नऊला निघालात तर ऑफिसच्या गर्दीत सापडाल. थोडे आधी, आठच्या सुमारास निघणे सोयीचे. निघण्यापूर्वी दिल्लीहून पुण्याला येणारे तेच विमान तिथून सुटले आहे की नाही हे कंपनीच्या ॲपवर पाहून घ्या. ते दिल्लीतच उभे असेल, तर आपल्या तिकिटावर कोणतीही वेळ छापलेली असली तरी ते पुण्यात येऊन, रिकामे होऊन, पुन्हा भरून निघायला किमान तीन तास लागणार आहेत.